केर काढण्याची योग्य वेळ

रविवारची दुपार होती. घरात अशी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळालाही आपण जरा फारच बोलतो आहोत असं वाटलं असेल. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि खण्णकन फरशीवर पडला.

चमच्याला कोणी हात लावला नव्हता. सकाळपासून तो तिथे सुखात पहुडला होता. पण मूल झोपलं रे झोपलं की घरातल्या निर्जीव वस्तूंच्या अंगात येतं. ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना हे सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून पटणार नाही.

ताई जेवणाच्या टेबलाशी श्वास रोखून बसली. तिचं खरं नाव वेगळं. पण ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेलेसुद्धा, म्हणून आपणही ताईच म्हणू. ऑफिसात एखाद्या बाईला ताई म्हणायला लागले की समजावं, आता बंद पडलेला पंखा, संपलेला साबण, कोणाच्या निरोपासाठी आणायचा फुलांचा गुच्छ, ही सगळी मंडळी तिच्या नात्यात आली.

आतून आवाज आला नाही. दोन गोष्टी, एक गाणं, पाणी, पाण्यामुळे शू, मग बाहुलीची शू, एवढं सगळं उरकून ठकी झोपली होती, आणि सुदैवाने झोपलेलीच राहिली. ताईने श्वास सोडला आणि समोरच्या मोठ्या कागदावर पुन्हा वाकली. कागदावर पट्टीने आखलेले चौकोन होते. शेजारी ठकीचे रंगीत खडू. त्यातला हिरवा अर्धाच होता. उरलेला अर्धा ठकीने मागे एकदा चवीने खाल्ला होता. चौकोनांच्या वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : 'कार्यालयीन स्वच्छतेचे वेळापत्रक'. आणि खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता ऑफिस झाडायचं कधी, हा काय कागद पुढ्यात घेऊन, लेकीच्या झोपेतून चोरलेल्या वेळात सोडवायचा प्रश्न आहे? तुम्ही म्हणाल, सकाळी झाडा. नाहीतर संध्याकाळी झाडा. ताईलाही आधी असंच वाटलं होतं.

तिचं ऑफिस वजनकाटे तपासून देणारं. किराणावाल्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे तिथे यायचे आणि 'हा काटा खरं बोलतो' असं प्रमाणपत्र घेऊन परत जायचे. बाहेरच्या खोलीत टेबलं, कपाटं आणि चहाचा कोपरा. आतली खोली काट्यांची. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये नाजूक काटे आणि मखमलीच्या खाचांमध्ये चकचकीत वजनं. त्या वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची. बोटाचा तेलकटपणा लागला तरी म्हणे वजन बदलतं. या खोलीचे सर्वेसर्वा म्हणजे काटेकाका. बारीक अंगाचे, ताठ, बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. खोलीत कोणी आलं की ते आधी त्याच्या चपलांकडे बघत आणि मग त्याच्या नाकाकडे. बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या अकाउंटंटना तिथे शिंकायला बंदी होती. एकदा आत असताना त्यांना शिंक आली, तर बिचारे नाक चिमटीत धरून जिना उतरले आणि रस्त्यावर जाऊन शिंकले.

वर्षातून एकदा वरच्या खात्याचा तपासनीस यायचा. या वेळचा नवा होता. त्याने कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, काहीच सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसला, आणि मग शेरा मारला : 'कार्यालय स्वच्छ आहे. परंतु स्वच्छतेचे वेळापत्रक आढळले नाही.' म्हणजे केर नव्हता, पण तो कोणत्या वेळी नाहीसा होतो याचा पुरावा नव्हता. महिन्याभरात परत येईन. वेळापत्रक भिंतीवर हवं आणि त्याप्रमाणे सफाई चाललेली दिसायला हवी, नाहीतर परवाना अडकेल, असं बजावून तो चहा न घेता गेला. परवान्यापेक्षाही तो चहा न घेता गेला, याचा साहेबांनी धसका घेतला.

"ताई," साहेब म्हणाले, "हे तुमचंच काम."

"माझं कसं काय?"

"अहो, तुम्ही घर चालवता. घरी तुमचं काहीतरी टाइमटेबल असेलच ना?"

ताईच्या डोळ्यांपुढे घर उभं राहिलं. सोफ्याखाली कधीपासून एक मोजा राहत होता, आणि आता तो तिथला जुना रहिवासी असल्यासारखा त्याला हलवायला संकोच वाटायचा. घरात धूळ आपल्या सोयीने यायची आणि ताईला वेळ मिळाला तर जायची. पण चारचौघांत मान खाली घालायची कशी?

"असतं की," ताई म्हणाली.

झालं. या दोन शब्दांनी पुढचं सगळं रामायण घडलं.

"आणि एक लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "आत वजनं आहेत. सफाईवाल्या मावशी एकट्या असताना ऑफिस उघडं टाकायचं नाही. आपलं एक माणूस हजर पाहिजे. किल्ली त्याच्याकडेच."

"कोण माणूस?"

साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आपण टेबलावरच्या चष्म्याकडे पाहतो. शोधायचा नसतोच, तो तिथे असतोच.

इथेच ताईचं घोडं अडलं. तिचं ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि साडेपाचला ती बाहेर पडायची, कारण त्यानंतर थोड्याच वेळात पाळणाघर बंद व्हायचं. पाळणाघर ते घर हा रस्ता मोठ्या माणसाला जेमतेम दहा मिनिटांचा. ठकीबरोबर तासाचा. कारण ठकी फुटपाथच्या कडेच्या दगडांवरून तोल सावरत चालायची. वाटेतल्या एका झाडाच्या ढोलीत वाकून 'कोणी आहे का?' असं विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत स्वतःलाच वाकुल्या दाखवायची. सकाळी नुसती पळापळ, रात्री दोघींची दमलेली चिडचिड. सगळ्या दिवसात हा एवढाच एक तास असा होता, की ज्यात ताई कोणाचीही ताई नसायची. नुसती आई असायची.

"त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला होता. "संध्याकाळी सफाई ठेव. तू थांब तिथे, मी स्कूटरवरून आणतो ठकीला. पाच मिनिटांत घरी."

पाच मिनिटांत! तेच तर दुःख होतं.

हे तिने ऑफिसात सरळ सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्हाला वाटेल. हरकत होती. बाळंतपणानंतर ती कामावर परत आली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं की 'मुलीमुळे' हा शब्द आपल्या तोंडून इथे कधी निघणार नाही. रोज ती पर्स उचलायची तेव्हा अकाउंटंट मान वर न करता म्हणायचे, "निघालात?" बस, एवढंच. पण त्या एका शब्दात त्यांचा सगळा ताळेबंद असायचा. म्हणून ताईने निश्चय केला : वेळापत्रक असं करायचं की संध्याकाळ सुटेल आणि कारणही सांगावं लागणार नाही.

तिने हा विषय काढला मात्र, सल्ल्यांचा पूर आला. शेजारचे आजोबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. अर्ध्या गावाचं पाणी कधी सोडायचं, हे एके काळी त्यांच्या हातात असे, आणि त्या काळी लोक त्यांना जिन्यात वाट देत. त्यांनी ताईला दारातच गाठलं.

"सूनबाई, ऐकलं ते खरं का? वेळापत्रक करता आहात?"

"हो ना, आजोबा. जमतच नाहीये."

"जमणार कसं? तुम्ही लोकांना विचारत बसला असाल. लोकांना विचारायचं नाही! मी कधी कोणाला विचारलं का, बाबा, पाणी कधी हवं? पहाटे सोडायचो. उठले, भरलं. नाही उठले, नाही भरलं. वेळापत्रक लोकांच्या सोयीसाठी नसतं."

"मग कशासाठी असतं?"

आजोबांनी बराच विचार केला. "भिंतीसाठी," ते म्हणाले, आणि आपल्याच उत्तरावर खूष होऊन घरात गेले.

नवऱ्याने तर विडाच उचलला. संगणकावर एक तक्ता केला, त्यात रंग भरले, प्रत्येक वाराला वेगळी छटा दिली आणि मोठ्या अभिमानाने छापून आणला. फक्त गुरुवार कागदाबाहेर गेला होता. पुन्हा छापला तर गुरुवार आला, पण सोमवार गेला. "आठवड्यातून एखादा दिवस नाही झाडलं तर बिघडतं का?" असं त्याने विचारलं, आणि ज्या घरात तो हे विचारत होता तिथे नजर फिरवून स्वतःच गप्प बसला.

ताईने पहिला डाव टाकला तो सकाळचा. सगळे यायच्या आधी मावशी येतील, झाडून-पुसून जातील, आणि आपण लवकर जाऊ. संध्याकाळ शाबूत राहील. काटेकाकांनी लगेच मोडता घातला.

"सकाळी? आणि ती उडालेली धूळ खाली कधी बसणार? माझे काटे काय धुळीची वजनं करणार? सफाई संध्याकाळीच पाहिजे. मी काटे झाकले की. रात्रभर धूळ खाली बसते, सकाळी हवा स्वच्छ."

"संध्याकाळी उजेड कमी असतो, काका. केर दिसत नाही."

"दिवे आहेत ना?"

"दिव्याच्या उजेडात धूळ वेगळी दिसते," ताई म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. पण बोलताना चेहरा इतका गंभीर होता की काटेकाकाही विचारात पडले. आठवडाभर सकाळचा प्रयोग करून बघू, असं ठरलं.

आता इतक्या सकाळी पाळणाघर उघडत नाही, ही गोष्ट ताईच्या लक्षात आदल्या संध्याकाळी आली. नवऱ्याची पाळी सकाळची. म्हणून पहिल्या दिवशी ठकी, ठकीची बाहुली, ठकीचा डबा आणि डोळ्यांत झोप घेऊन ताई ऑफिसच्या दाराशी उभी राहिली.

मावशी आल्या त्या गप्पा मारतच आल्या. त्या कामाला वाईट नव्हत्या, पण हात आणि तोंड एकाच वेळी चालवायची त्यांना सवय होती, आणि दोन्हींत तोंडाचा वेग जास्त. ठकी त्यांच्यावर एकदम फिदा झाली. मावशींनी आल्या आल्या बाहेरच्या चपला काढून कामाच्या रबरी चपला घातल्या. जावेच्या तक्रारी सांगत केर काढला, नणंदेच्या तक्रारी सांगत फरशी पुसली. मग हात धुतले, तोंड धुतलं, आरशात बघून केस सारखे केले, रबरी चपला पिशवीत टाकून आपल्या चांगल्या चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, झालं आपलं काम. आता मी माझ्या घरी."

ठकी हे सगळं आ वासून बघत होती. काम करायचं, हात धुवायचे, चांगल्या चपला घालायच्या आणि घरी जायचं. जगात इतकी सुबक व्यवस्था आहे, हे तिला कोणी आजवर सांगितलंच नव्हतं.

मावशी गेल्या आणि ताईने पाहिलं, तर काट्यांच्या खोलीचं दार उघडं. आत ठकी जमिनीवर मांडी घालून बसलेली. समोर बाहुली. बाहुलीच्या पुढ्यात मखमलीची पेटी, आणि पेटीतली सगळी वजनं भातुकलीसारखी ओळीने मांडलेली.

नेमके त्याच क्षणी काटेकाका कामावर हजर झाले.

त्यांनी एका हाताने दाराची चौकट धरली. मग अगदी हळू आवाजात, झोपलेल्या माणसाला उठवू नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "हाताने... उचलली?"

"हो," ठकी म्हणाली. "तुमचा चमचा छोटा आहे." चमचा म्हणजे चिमटा.

"आणि हे? हे ओलं कसं?"

"तो लाडू आहे."

"मग?"

"मग थोडासा खाल्ला. चाटूनच."

काटेकाका खुर्चीत बसले. ताई त्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली. वजनांची ती पेटी पुन्हा तपासायला बाहेर पाठवावी लागली, आणि सोबतच्या पत्रात कारण काय लिहायचं यावर साहेब आणि काटेकाका दुपारपर्यंत खल करत होते. 'अनपेक्षित ओलावा' यावर शेवटी एकमत झालं. सकाळचा प्रयोग एका दिवसात गुंडाळला.

राहिली दुपार. सगळे ऑफिसात असतात, कोणी वेगळं थांबायला नको, किल्लीचा प्रश्न नाही. आणि काटेकाका त्या वेळी खोलीचं दार लावून जेवतात. ताईने दुपारच्या चौकोनात अर्ध्या हिरव्या खडूने रंग भरला आणि तिला गाढ झोप लागली.

पण दुपारचा घोळ वेगळाच निघाला. आजवर मावशी केव्हातरी येऊन जायच्या, कोणाचं लक्ष नसायचं. आता त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाडणार! पहिल्याच दिवशी मावशी यायच्या जरा आधी अकाउंटंट उठले आणि आपल्या टेबलाखालचे कागदाचे बोळे गोळा करू लागले.

"राहू द्या ना, मावशी येताहेतच," ताई म्हणाली.

"म्हणूनच तर! त्या काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून फडकं आणलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आपल्या केबिनचा कोपरा स्वतः झाडला, आणि आपण झाडलेलं कोणी पाहिलं नाही ना, हेही पाहिलं. काटेकाका जेवण सोडून खिडक्यांच्या काचा पुसू लागले. ताई तरी मागे कशी राहणार? तिच्या खणात ठकीने भरवलेल्या बिस्किटांचा चुरा निघाला. तो तिने इतक्या लगबगीने लपवला, जणू तो चोरीचा माल होता. म्हणता म्हणता मावशी येणार म्हणून करायची सफाई हेच ऑफिसातलं मुख्य काम होऊन बसलं. काटे तपासायचे राहू लागले. सोनार फोन करायचे, तर अकाउंटंट सांगायचे, "नंतर करा, आत्ता मावशी यायची वेळ झाली."

आणि मावशी यायच्या, तर ऑफिस आरशासारखं. दोन दिवस त्यांनी मजेत चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड फुगलं.

"मला एक सांगा ताई, माझं काम पसंत नाही का?"

"अहो, असं का म्हणता?"

"मग हे काय? एक कागद नाही खाली! माझ्या जावेला सांगितलं, तर ती म्हणते, तुला काढायचं घाटतंय, म्हणून आधीच सवय करून घेताहेत. मला माझा केर पाहिजे. नाहीतर मी दुसरीकडे जाते."

ताईने सगळ्यांना हात जोडून विनंती केली की कृपा करून थोडी घाण ठेवा. सगळ्यांनी मान डोलावली. पण चांगल्या घरातली माणसं. परक्या बाईसमोर आपला कचरा उघडा पडू देणं त्यांच्या जिवावर येई. अकाउंटंटनी मोठं मन करून एक पेन्सिल तासली, तिची एक फुलासारखी साल टेबलाखाली ठेवली, आणि मग मावशी आत येताच न राहवून ती उचलून खिशात घातली.

आणि अशातच तपासनीस आला.

तो भर दुपारी आला, नेमका सफाईच्या वेळी. भिंतीवर ताईचं वेळापत्रक झळकत होतं. खोली लखलखत होती. मावशी रुसून खुर्चीत बसल्या होत्या आणि चहात बिस्किट बुडवत होत्या.

तपासनिसाने वेळापत्रक वाचलं. घड्याळ पाहिलं. मावशींकडे पाहिलं.

"यानुसार आत्ता सफाई चालू असायला हवी."

"झाली ना," साहेब हसतमुखाने म्हणाले. "पाहा तुम्ही, किती स्वच्छ आहे!"

"स्वच्छ आहे ते दिसतंय मला. पण सफाई वेळेआधी झाली आहे. म्हणजे वेळापत्रक पाळलं जात नाही." आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

त्या टोपणाच्या आवाजाने साहेबांचा धीर सुटला. "होणार आहे!" ते ओरडले. "आता होणार आहे! अहो, केर करा कोणीतरी, केर!"

माणसावर वेळ आली की त्याच्यातली खरी हिंमत वर येते. अकाउंटंट उठले. त्यांनी टेबलावरचं कागदाला भोकं पाडायचं यंत्र उचललं, त्याचं खालचं झाकण काढलं, आणि कधीपासून त्यात साठलेल्या पांढऱ्या टिकल्यांचा सगळा साठा खोलीत उधळला. हेतू उत्तम होता. फक्त वर पंखा जोरात चालू होता.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. टिकल्या खाली पडल्याच नाहीत. त्यांनी हवेत एक गिरकी घेतली, तपासनिसाच्या केसांत बसल्या, साहेबांच्या चष्म्यावर बसल्या, मावशींच्या चहात उतरल्या. काय गोंधळ आहे म्हणून काटेकाकांनी आतून दार उघडलं, आणि उरलेल्या सगळ्या टिकल्या, जणू त्यांना आमंत्रण होतं, एका झोतात काट्यांच्या खोलीत शिरल्या. काटेकाकांनी अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं विचारायला आलं.

मावशी मात्र उठल्या. त्यांनी पदर खोचला, झाडू हातात घेतला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "हां! आता कसं कामासारखं काम दिसलं."

केर निघाला. तपासनिसाने केसांतली शेवटची टिकली काढून टेबलावर ठेवली आणि वेळापत्रकाखाली लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं : "सफाई प्रत्यक्ष पाहिली. समाधानकारक. मात्र काट्यांचे काम चालू असताना ती करू नये. रोज संध्याकाळी, काम संपल्यावर, जबाबदार व्यक्तीच्या उपस्थितीत करावी." मग, बहुधा दमला होता म्हणून, त्याने चहा मागितला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. तो गेल्यावर ते हात चोळत म्हणाले, "सुटलो! मी पहिल्यापासून म्हणतच होतो, संध्याकाळ. ताई, मग उद्यापासून तुम्ही..."

"मी थांबणार नाही," ताई म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"उजेडाचा प्रश्न असेल तर आपण दिवे..." साहेबांनी सुरुवात केली.

"उजेडाचा काही प्रश्न नाही. धूळ सगळ्या दिव्यांत सारखीच दिसते." ताईच्या भुवईवर अजून एक टिकली चिकटलेली होती, तिला ते माहीत नव्हतं. "मला साडेपाचला माझ्या मुलीला आणायला जायचं असतं. ती दगडांवरून चालते आणि मी तिचा हात धरते. घरी जायला तासभर लागतो. एवढंच. तेवढा तास मी कोणालाही देणार नाही. परवाना अडकला तरी."

अकाउंटंट आपल्या रिकाम्या यंत्राकडे बघत राहिले. आता नोकरी जाणार, असं ताईला वाटलं. आणि गंमत म्हणजे तिला फार हलकंही वाटलं.

"पण तुम्हाला थांबायला सांगितलंय कोणी?" काटेकाकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी असतोच की इथे. रोज. काळोख पडेपर्यंत. तुम्ही सगळे आपापल्या घरी पळता, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मी घरी जाऊन करू काय? भिंती बघू?" ते खोकले. "आणि माझ्या खोलीत झाडू फिरताना मी हजर नको? तुम्ही थांबला असतात तरी मी गेलो नसतो. किल्ली माझ्याकडेच द्या. फक्त यांना म्हणावं, तोंड बंद ठेवून झाडा. बोलण्याने हवा हलते."

"मी नाही तोंड बंद ठेवणार," मावशी म्हणाल्या.

"बघू," काटेकाका म्हणाले. त्या 'बघू'मध्ये कोणीतरी बोलणार आहे याचा थोडासा आनंद होता की काय, कोण जाणे.

इतके दिवस, इतके रंग, चाटलेली वजनं, रुसलेल्या मावशी, आणि हा गृहस्थ रोज संध्याकाळी इथेच बसलेला! विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि ताईने कारण सांगितलं नाही. साहेबांनी मात्र, आपण हा तिढा कसा कौशल्याने सोडवला, ते त्याच दिवशी दोघातिघांना फोनवर ऐकवलं.

साडेपाचला ताईने पर्स उचलली. "निघालात?" अकाउंटंट म्हणाले. शब्द तोच. पण आज ते उठले होते आणि त्यांनी दार उघडून धरलं होतं.

त्या संध्याकाळी ठकी सगळ्या दगडांवरून चालली. झाडाच्या ढोलीत कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मायलेकींनी मिळून वाकुल्या दाखवल्या, आणि आतल्या माणसानेही आज त्यांना एक परत केली.

घरी आल्यावर ताईने दिवा लावला. घर होतं तसंच होतं. टेबलाखाली सकाळचे तुकडे, सोफ्यापाशी चिंध्या झालेला कागद, त्यावर एकटाच गुरुवार. नवऱ्याने सोफ्यावरून दोन्ही पाय उचलून धरले. या घरात सफाईला त्याची एवढी मदत नेहमीच असे. भिंतीवर कसलं वेळापत्रक नव्हतं, म्हणून ताईने पर्स ठेवली आणि सरळ झाडू घेतला. केर काढला. फरशी पुसली. आज तिने सोफ्याखालचा मोजासुद्धा बाहेर काढला, आणि गुणगुणत काढला.

ठकी बाहुलीला मांडीवर घेऊन सगळं नीट बघत होती.

"झालं तुझं काम?"

"झालं गं बाई, झालं."

"हात धुतलेस?"

"हे बघ, धुतले."

ठकीने मान डोलावली. ती उठली, दाराशी गेली, आईच्या चांगल्या चपला दोन्ही हातांनी उचलून आणल्या आणि तिच्या पायांपुढे सरळ जोडीने मांडून ठेवल्या. मग ती प्रेमाने वर बघत म्हणाली,

"मग आई, आता तू तुझ्या घरी कधी जाणार?"